सकाळी चावणारा दिवा

“आई, तुझा दिवा चावतो गं,” प्रिया फोनवर म्हणाली आणि हसली. मग दिव्याची बाजू घ्यावी तशी म्हणाली, “पण फक्त सकाळी.”

वनिता कर्जतच्या घराच्या मागच्या गॅलरीत स्टुलावर बसली होती. मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर एका जुन्या दिव्याची पितळी बैठक, बोटं चिंचेच्या कोळाने चिकट झालेली. फोन तिने मान वाकडी करून खांद्याशी दाबून धरला होता. ‘चावतो’ हा शब्द आधी तिला नुसताच आवडला. लग्नाला वर्ष होत आलं तरी मुलगी लहानपणीचे शब्द सोडत नव्हती. प्रिया पुढे सांगत होती: आज मार्गशीर्षातला गुरुवार, म्हणून ती लवकर उठली, डोक्यावरून न्हाली, चौरंग मांडला, कलशात पानं लावली आणि लक्ष्मीच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून दिवा अलीकडे ओढायला गेली, तर बोटांपासून कोपरापर्यंत मुंग्या. मागच्या गुरुवारीही आल्या होत्या. तेव्हा तर दिवा लावलेलासुद्धा नव्हता, प्लग तेवढा भिंतीत होता. संध्याकाळी मात्र काही होत नाही, संध्याकाळी तो गुणी असतो. वनिताची बोटं पितळेवर थांबली. भिंतीवरचं बटण बंद कर, पायात चप्पल घाल, हात कोरडे कर आणि प्लग उपसून काढ, दिव्याला हात लावू नकोस, असं तिने शांत आवाजात एकेक करून सांगितलं. प्रियाने फोन चालू ठेवूनच ते सगळं केलं. चपलांचा फटफट आवाज वनिताला ऐकू आला, मग प्लग निघाल्याचा. “काढला,” प्रिया म्हणाली, “तू घाबरू नकोस गं.”

घाबरली की वनिता मागे मागे जाई. रसायनीच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिची सगळी नोकरी झाली होती, आणि तिथे एखाद्या पिंपातला नमुना नापास झाला की पहिले प्रश्न स्वतःला विचारायचे असत: काच नीट धुतली होती का, वजन बरोबर घेतलं होतं का, आकडा वाचताना डोळा पातळीत होता का. कारखान्याला विचारायचं ते नंतर. आता ती तशीच त्या दिव्याच्या मागे गेली. दिवा अब्बासकडून आणलेला. अब्बासचं भंगाराचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत. माथेरानची जुनी हॉटेलं खोल्या नव्या करायला काढतात तेव्हा तिथलं पितळ घोड्यांवरून दस्तुरीच्या गाडीतळापर्यंत आणि तिथून टेंपोने खाली त्याच्याकडे येतं. बाकीचं तो वजनावर घालतो, दिवे मात्र वनितासाठी बाजूला ठेवतो आणि दर वेळी सांगतो, “मॅडम, ह्याच्यात साहेबाचं भूत हाय, जपून खोला.” हा दिवा उसाच्या कांड्यासारखा, पेरापेरांचा. आतली तार कापडात गुंडाळलेली होती आणि कापडाखालचं रबर जळलेल्या पापडासारखं झालं होतं. वाकवलं की तुकडे गळत आणि तांबं उघडं पडे. असा दिवा चावतो, आणि कधी कधी सोडत नाही. म्हणूनच तर नोकरी सोडल्यावर ती या कामाला बसली होती. लोक असे दिवे आणतात, घासूनपुसून तसेच भिंतीत लावतात.

तिने सगळं पुन्हा मनात केलं. नवी तार जुन्या तारेच्या टोकाला बांधून दांड्यातून ओढून घेतली होती. बैठकीला ज्या भोकातून तार आत शिरते त्याची कड पात्यासारखी होती. ती कानसेने गोल केली होती, त्यात रबराची चकती बसवली होती. होल्डरच्या खाली तारेला गाठ मारली होती, म्हणजे कोणी प्लग हिसडला तरी ओढ गाठीवर यावी, स्क्रूवर येऊ नये. लाल तार होल्डरच्या एका बाजूला, काळी दुसऱ्या. आणि तिसरी, हिरवी, बैठकीच्या पोटात. तिथला लाखेचा थर तिने खरवडून काढला होता, पितळ पिवळंधमक होईपर्यंत घासलं होतं, तारेच्या टोकाला कडी दाबून ती तिथे स्क्रूने आवळली होती. या तिसऱ्या तारेचा तिला अभिमान होता. बाकी कोणी ती लावत नाही, दोन पिनांवर भागवतात. ही तार असली की आत काही बिघडून धातूत वीज उतरली तरी ती माणसातून जात नाही, तारेने थेट जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. प्रियाच्या रुखवतात लोकरीचे ससे आणि साखरेच्या तुळशी यांच्यामध्ये तो दिवा लावून ठेवला होता. बायका वाकून वाकून बघत होत्या, हात लावून बघत होत्या. तेव्हा नाही चावला. पण मीटर लावून शेवटचं तपासलं होतं ना? लावला होता. तो क्षण तिला दिसत होता: खिडकीशी उजेडात धरलेला दिवा, मीटरची दोन टोकं. पण दिसणं म्हणजे मोजमाप नव्हे. असे क्षण पन्नास दिव्यांचे होते आणि मन त्यातला हवा तो काढून दाखवतं. चिंच बोटांवर वाळून खाज सुटली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की इतका वेळ आपण हात धुतलेले नाहीत.

किशोर, तिचा नवरा, आत पेपर वाचत होता. तिने सांगितलं तेव्हा तो म्हणाला, की मग दिवा परत आण, आहे काय आणि नाही काय. ती म्हणाली, दोष दिव्यात आहे असं वाटत नाही. किशोरने पेपर खाली केला. चष्म्यावरून बघत तो म्हणाला, “म्हणजे? मुलीच्या सासरी मीटर घेऊन जाणार तू?” यात चेष्टा होती आणि थोडी भीतीही होती, आणि कुठली किती हे ती इतक्या वर्षांनंतरही सांगू शकली नसती. तिच्या डोक्यात ‘फक्त सकाळी’ हे दोन शब्द नापास नमुन्यासारखे उभे होते. दिव्यातला दोष घड्याळ बघत नाही. तार सोललेली असली तर ती सकाळी असते तशी संध्याकाळीही असते. आणि दिवा बंद असताना चावला, ही तर फार सरळ गोष्ट होती. बटण बंद केलं की लाल तार तुटते. हिरवी तुटत नाही, हिरवीला बटणच नसतं. म्हणजे वीज दिव्यातून भिंतीकडे जातच नव्हती. भिंतीतून दिव्यात येत होती.

दुपारी तिने पुन्हा फोन लावला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, की सकाळी तू पूजा मांडतेस तेव्हा घरात काय काय चालू असतं. प्रिया म्हणाली, काय असणार, सासूबाई न्हाणीत असतात, मामंजी बाहेर अंगणात असतात, नवरोबा नीलेश झोपलेला असतो. न्हाणीत म्हणजे गिझर चालू असतो? हो, मग थंडीचं काय गार पाण्याने? आणि अजून कशाला हात लावला की मुंग्या येतात? फ्रिजचं दार ते टॉवेलने उघडतात, प्रिया म्हणाली, टॉवेल त्यासाठीच दांडीला अडकवलेला असतो. आणि आंघोळीला न्हाणीत चप्पल घालून जायचं. ही इथली पद्धतच आहे. “मी विसरते कधी कधी,” ती म्हणाली, “मग नळाला हात लावला की बारीकसं होतं काहीतरी. आई, सगळ्यांना माहितीये गं ते. त्यात काय.” वनिताने विचारलं, ही पद्धत कधीपासूनची. प्रियाला काय माहीत. ती आली तेव्हापासून तरी होतीच.

वनिताने सांगितलं, की आजपासून बादली आधी भरून घ्यायची, गिझर बंद करायचा, मगच आंघोळीला जायचं. प्रिया म्हणाली, बरं. पण त्या ‘बरं’मध्येच वनिताला पुढचं ऐकू आलं: आणि सासूबाईंनी विचारलं तर काय सांगू. शिवाय नुसतं तिने बंद करून काय होणार होतं. सासू न्हाणीत असताना फ्रिजला हात लावणारी तीच होती, आणि पूजेला बसणारीही तीच, ओल्या केसांनी, धुतलेल्या फरशीवर अनवाणी. पूजेला चप्पल कशी घालणार. घरातल्या सगळ्या भिंतींमधल्या तिसऱ्या भोकांना एक हिरवी तार जोडलेली असणार, आणि ती तार जमिनीपर्यंत पोचत नसणार. गिझरमधून उतरलेली वीज त्या तारेवर चढून फ्रिजच्या दारात, मिक्सरच्या बुडात, आणि आता पितळी दिव्यात येऊन उभी राहत असणार, वाट मिळण्याची वाट बघत. तिने तिसरी तार लावली नसती तर तिचा दिवा गप्प राहिला असता. इतर दिव्यांसारखा दोन पिनांचा, सुखाने उजेड देत. नीट केला म्हणून तो चावला. हे वाक्य तिने मनात दोनदा उलटून पाहिलं, त्यात कुठे चूक सापडते का म्हणून, पण ते टिकलं. आणि मुंग्या येणं आणि मूठ न सुटणं यांच्यात अंतर किती, तर थोडा ओलावा आणि गिझरच्या आतल्या कांडीला वाढत जाणारी एक चीर.

दुसऱ्या दिवशी सकाळी पर्समध्ये मीटर आणि टेस्टर घालून ती निघाली. चौक फाट्यावर उतरून दुसऱ्या गाडीची वाट बघताना तिला आपली आई आठवली. आठवायला नको होती. आई लग्नानंतर पहिल्यांदा कर्जतला आली ती अशीच न कळवता, आणि खुर्चीच्या कडेवर बसली होती, पाठ न टेकता, पर्स मांडीवर. मुलीच्या सासरी पाणी पिणं बरं नाही म्हणून तिने तांब्याला नुसता हात लावला होता. वनिता तेव्हा फार वाळली होती. ते सासरच्या लोकांमुळे होतं असंही नव्हतं, पण पोटात काही ठरत नव्हतं आणि ते कोणाला सांगावं हे कळत नव्हतं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत. आईने त्या पाहिल्या. आईने पुढे होऊन एका बोटाने त्या बांगड्या खाली, मनगटापर्यंत आणून सोडल्या, आणि वळून वनिताच्या सासूला म्हणाली, घर हवेशीर आहे हो तुमचं. त्या बोटाचा स्पर्श वनिताला अजून सांगता आला असता, कुठून कुठपर्यंत. आई सगळं बघून, सगळं मोजून गेली होती, आणि आकडा बरोबर घेऊन गेली होती. पुढे कित्येक वर्षं वनिताला वाटे की आई बोलली असती तर काय बिघडलं असतं. मग वय वाढल्यावर कळलं, काय बिघडलं असतं ते. मुलीची आई बोलून निघून जाते आणि त्या बोलण्याशेजारी मुलगी राहते. रोज, तिन्ही त्रिकाळ. गाडी आली. वनिता चढली आणि खिडकीशी बसून पर्स दोन्ही हातांनी धरून राहिली, आणि आपण कशा बसलो आहोत हे लक्षात आल्यावर तिने मुद्दाम पाठ टेकली.

खालापूरला तहसील कचेरीच्या मागच्या बाजूला जगदीशरावांचं घर. प्रियाचे सासरे त्याच कचेरीतून निवृत्त झालेले. एक्सप्रेसवेचा आवाज तिथे दिवसभर असतो, दूर पीठगिरणी चालावी तसा, आणि घरातल्यांना तो ऐकू येत नाही. जगदीशराव फाटकाशीच होते. मनापासून हसले. ते चांगले गृहस्थ होते, आणि हीच अडचण होती. हुंडा नको म्हणाले होते, प्रियाला नोकरी शोध म्हणून मागे लागत होते, तिला चहा करून देत. सासू, यमुनाबाई, हात पुसत बाहेर आल्या. “आमची बाय बोलली काल, तुमचा दिवा चावतो,” त्या म्हणाल्या. “तुमच्या दिव्याला आमचं घर मानवलं नाय वाटतं.” जगदीशराव म्हणाले, “माहेरचा दिवा तो. सासरी आल्यावर थोडा चावणारच.” सगळे हसले, वनिताही हसली. प्रिया दारात उभी होती. ती हसली, पण तिची नजर आईच्या पर्सवर होती.

दिवा कोपऱ्यात टीपॉयवर ठेवला होता, गुन्हा केल्यासारखा, प्लगची तार गुंडाळून. वनिताने तो खिडकीशी नेला. बैठकीखालची पट्टी सोडवली, आत पाहिलं. चकती जागेवर होती, गाठ जागेवर होती, कडी घट्ट होती. मीटरची टोकं लावली. लाल तारेचा पितळेशी काही संबंध नव्हता. हिरवीचा होता, जसा असायला हवा तसा. आता दुसरा भाग करायचा होता. प्रयोगशाळेत त्याला ‘ब्लँक’ घेणं म्हणत. ज्याची परीक्षा करायची तो पदार्थच घालायचा नाही, बाकी सगळं तसंच करायचं. तरीही आकडा आला, तर तो त्या पदार्थाचा नव्हे, भांड्याचा, पाण्याचा, तुमच्या हाताचा. तिने दिवा तसाच खिडकीत ठेवला आणि हात धुवायला थोडं गरम पाणी मिळेल का म्हणून विचारलं. यमुनाबाईंनी गिझरचं बटण दाबलं. बटणातला लाल डोळा लागला. वनिताने मीटरची टोकं भिंतीतल्या भोकांत घातली, एक काळ्या तारेच्या, एक वरच्या मोठ्या, हिरव्या तारेच्या. दिवा तिथे नव्हता. आकडा शंभराच्या पुढे जाऊन थरथरत राहिला.

जगदीशराव खांद्यामागून डोकावत होते. मीटर वनिताच्या तळहातात होता आणि आकडा त्यांना उलटा दिसत होता. काय म्हणतंय तुमचं यंत्र, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, बघते. आणि मग, तार बाहेर कुठून जाते हे बघायचं होतं म्हणून, अंगण छान केलंय म्हणाली. ते खूश झाले. तिला घेऊन बाहेर गेले. सगळीकडे लाल आणि करड्या फरश्यांचे ठोकळे बसवले होते, रेघ न् रेघ सरळ. पूर्वी इथे नुसती माती आणि खड्डे होते, ते सांगत होते, पाऊस झाला की चिखल. लग्न ठरलं तसं म्हटलं तुमची माणसं येणार, मुंबईकडची पाहुणेमंडळी येणार, चपला चिखलात कशा काढतील. रंगही तेव्हाच दिला. भिंतीवरून एक नळी उतरत होती, खाली जमिनीपासून वीतभर उंचीवर ती कापलेली होती आणि कापलेल्या तोंडावरूनही पिवळसर रंगाचा हात सफाईने फिरवलेला होता. “इथं एक लोखंडी नळी होती जमिनीत गाडलेली,” जगदीशराव म्हणाले, “सारखी अडकायची पायात. ठोकळेवाल्या पोरांनी उडवली.” ते म्हणाले त्यात काहीच लपवलेलं नव्हतं. माणूस अंगण दाखवत होता. वनिता त्या रंगवलेल्या तोंडाकडे बघत राहिली. पावसाच्या आधी मीठ-कोळसा घालून कोणीतरी ती नळी इथे पुरली असेल, आणि उन्हाळ्यात तिच्या मुळाशी पाणी ओतायचं असतं हेही कोणीतरी सांगितलं असेल. ती तिच्या पाहुण्यांच्या चपलांसाठी कापली गेली होती.

आत आल्यावर चहा आला. तिने घेतला. सगळे बसले होते आणि तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि जगदीशराव, तिला अवघडल्यासारखं झालंय हे ओळखून, मायेने म्हणाले, “अहो, दिव्यातच असेल काहीतरी. जुनी वस्तू. त्यात तुमचा काय दोष?” दार उघडून धरावं तसं ते वाक्य त्यांनी धरलं होतं. प्रिया कपाच्या कडेवरून आईकडे बघत होती. लहानपणी परीक्षेचा निकाल लागायच्या दिवशी ती अशी बघायची, डोळ्यांनी ‘हो म्हण’ म्हणत. वनिताला वाटलं, आपण आता बोलणार आहोत. वाक्य तयार होतं, शब्द मोजलेले होते. आणि तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, सौम्य, नेहमीसारखा: हो, दिव्यातच असेल. घेऊन जाते मी. खोलीतली हवा हलली. यमुनाबाई म्हणाल्या, तरी मी बोलत होते. त्या आतून जुनी पिशवी घेऊन आल्या आणि दिवा वर्तमानपत्रात गुंडाळायला लागल्या. प्रियाच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं, आणि ते हसू बघताना वनिताच्या तोंडात तांब्याची चव आली, मीटरची टोकं जिभेला लावावीत तशी. घर हवेशीर आहे. तिने प्रियाच्या हातांकडे पाहिलं. बांगड्या मनगटावरच होत्या. हात भरलेले होते, तकाकी होती. मुलगी इथे सुखात होती. दुःखात असती तर बोलणं किती सोपं झालं असतं.

निरोप झाला. नीलेश संध्याकाळी येईल, भेट होणार नाही, असं सगळं बोलून झालं. वनिता दाराशी वाकून सँडलचा पट्टा लावत होती. दाराच्या वर, उजव्या हाताला, लाकडी फळीवर विजेचा मीटर आणि जुना मेन स्विच होता, शेजारी जगदीशरावांच्या वडिलांच्या काळातली चिनी मातीची फ्यूजची ग्रिप, पांढरी, कडेला टवका उडालेली. वीज गळाली की आपोआप पडणारा नवा स्विच तिथे नव्हता. तो नाही हे तिने येतानाच पाहून ठेवलं होतं. मागे यमुनाबाई प्रियाला सांगत होत्या, “बाय, कपबश्या गरम पाण्यानं धू गं, चिकट झाल्यात.” आणि जाता जाता त्यांनी बटण दाबलं. ते दिसायला वनिताला मान पुरती वळवावीही लागली नाही. लाल डोळा लागला. प्रिया कपांचा ट्रे घेऊन मोरीकडे निघाली. फरशी नुकतीच पुसलेली होती आणि तिच्या पायांत काही नव्हतं. पुढच्या गोष्टी वनिताने अगदी सावकाश केल्या, निदान तिला तसं वाटलं. ती सरळ उभी राहिली. चवड्यांवर उंच झाली. आधी मेन स्विचचा दांडा खाली ओढला, तो खट्कन पडला. मग ग्रिप दोन बोटांत धरून बाहेर खेचली. ती घट्ट होती, आणि सुटली तेव्हा वनिताचा हात मागे भिंतीवर आपटला. ग्रिप पर्समध्ये टाकून तिने चेन लावली.

पंखा मंदावला. फ्रिजची घरघर थांबली आणि मग पहिल्यांदाच त्या घरात एक्सप्रेसवेचा आवाज आला. “लाईट गेली वाटतं,” जगदीशराव म्हणाले.

“गेली नाही,” वनिता म्हणाली. “मी काढली.”

ते तिच्याकडे बघत राहिले. ती बोलली तेव्हा तिचा आवाज हवा तसा निघाला नाही, फार सपाट निघाला, अहवाल वाचल्यासारखा. “दिव्यात काही दोष नाही. गिझरमधून करंट उतरतो आणि घरभर फिरतो. तो जमिनीत न्यायला जी नळी होती ती तुम्ही कापलीत. आज मुंग्या येतात. एक दिवस कोणीतरी नळाला चिकटेल.”

यमुनाबाईंचा चेहरा लाल झाला. हातातला, वर्तमानपत्रात अर्धा गुंडाळलेला दिवा त्यांनी खुर्चीवर ठेवला. “आमी एवढी वर्सं रातो हितं,” त्या म्हणाल्या. “कोन मेलं?”

“एवढी वर्षं नळी होती.”

जगदीशराव उघड्या दारातून अंगणाकडे बघत होते, त्या सरळ रेघांकडे. त्यांच्या तोंडावर राग असता तर वनिताला बरं वाटलं असतं. ते जरा म्हातारे दिसत होते. मग ते आत गेले, आणि फोनवर संतोष वायरमनला लगेच ये म्हणून सांगताना त्यांचा आवाज आला. काय झालं म्हणून त्याने विचारलं असावं, कारण ते म्हणाले, काय नाय, विहीणबाई आल्यात. परत बाहेर आल्यावर त्यांनी तिला बसा म्हटलं नाही. यमुनाबाईंनी देवघराचा पडदा सारखा केला, मग पुन्हा एकदा सारखा केला. वनिता दाराच्या आत, उंबऱ्याला लागून असलेल्या लाकडी स्टुलावर बसली. संतोषला यायला किती वेळ लागेल, तिने विचारलं नाही. तो आल्यावर काय काय करायचं ते तिला माहीत होतं: गिझर काढून टाकायचा, नवी नळी पुरायची, पडणारा स्विच बसवायचा. त्यानंतरचं माहीत नव्हतं. पुढच्या सणाला फोन येईल की नाही, आला तर कोण बोलेल. जेवताना कोण कोणाला काय म्हणेल, आणि प्रिया ते मान खाली घालून ऐकेल की उलट बोलेल, आणि दोन्हींपैकी जास्त वाईट काय. मनगट भिंतीवर आपटलं होतं तिथे ठणकत होतं.

प्रिया मोरीतून बाहेर आली. हात कोपरापर्यंत ओले होते, साबणाचा फेस तसाच होता. तिने सगळं ऐकलं होतं. ती आईसमोर येऊन उभी राहिली आणि हळू आवाजात, बाहेर ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, “ते दे, आई.”

“वायरमन आला की देते.”

“मला इथं राहायचंय,” प्रिया म्हणाली.

वनिताने वर, मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तो तिला वाचता आला नाही. तो कधीपासून वाचता येत नव्हता हेही आठवेना. मग तिने नजर खाली घेतली. मोरीपासून इथपर्यंत फरशीवर ओली पावलं उमटली होती, आणि त्यांच्या शेवटी प्रियाचे पाय होते, अनवाणी, बोटांमध्ये पाणी साचलेले. हाताच्या बोटांवरून एक थेंब फरशीवर पडला, मग दुसरा. वनिता त्या पायांकडे बघत बसली. त्यांना काहीही होत नव्हतं.